भूकंपात कोण पळालं

आबा, मागच्या मंगळवारी दुपारी धुळ्यात भूकंप झाला. घाबरू नका, आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला घाबरू नका म्हणतो आहे, माझं मलाच हसू येतं. धक्का तसा बारीकच होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्याही कापसाच्या भावाखाली. कुणाच्या घराला तडासुद्धा गेला नाही. पण तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही आहात, म्हणून लिहायला बसलो.

धरणगावची आपली जिनची चाळ आठवते. तुम्ही जिनमध्ये फिटर, आणि आपल्या स्वयंपाकघराची मागची भिंत हीच जिनची भिंत. दिवाळीनंतर सरकी काढायला कापूस यायला लागला की तिकडची मशीनं सुरू होत आणि ती भिंत जी थरथरायला लागायची ती होळीपर्यंत. मांडणीवरचे कप, पेले, डबे दिवसभर किणकिणत. चाळीतल्या प्रत्येक घरात दिवाळीच्या पाडव्याला मांडणीला आडवी दोरी बांधायची पद्धत होती, भांडी पुढे सरकून पडू नयेत म्हणून. ती बांधणं माझं काम, आणि गाठ तपासणं तुमचं. तुम्ही जेवायला बसलात की डावा तळहात भिंतीला टेकवायचात आणि घास चावता चावता सांगायचात, तीन नंबरचं मशीन आज कुरकुरतंय. मायला हे अजिबात आवडत नसे. ती म्हणायची, घरात दोन घटका आले तरी जीव तिकडेच. मला मात्र वाटायचं, माझ्या बापाच्या हाताला कान आहेत.

मग ती दुपार. मी दहा वर्षांचा. उन्हाळ्याचे दिवस, हंगाम संपलेला, जिन बंद, मांडणीची दोरी सोडलेली. माय चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापते आहे, मी ताटावर बसलो आहे, तुम्ही हात धुऊन नुकते पाटावर टेकला आहात. अचानक कप किणकिणायला लागतात. मला काहीच वाटत नाही. मी सवयीने उठून दोरी होती तिथे हात आडवा धरतो, माय मागे वळूनही बघत नाही. आख्ख्या गावात त्या वेळी लोक रस्त्यावर धावले असतील, पण आपल्या चाळीत भांडी वाजली म्हणून उठायची कुणाला सवयच नव्हती. तुम्ही मात्र तळहात भिंतीला लावला आणि तुमचा चेहरा उतरला. ताट ओलांडून, अनवाणी, तुम्ही दारातून जे पळालात ते मागे न बघता. एक कप माझ्या हाताखालून निसटून फुटला. थरथर थांबली आणि मग बाहेर कुणीतरी ओरडलं की भूकंप झाला.

सगळी चाळ अंगणात जमली तेव्हा शेजारची अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याना बाप बठ्ठास्ना पयले पयना, बायको-पोरंस्ले सोडीसन." बायको-पोरांना सोडून सगळ्यांच्या आधी पळालेला बाप, म्हणून सगळे हसले. माय हसली नाही. तुम्ही थोड्या वेळाने आलात, पायाला खडी टोचून रक्त आलेलं, आणि खाली मान घालून मायला एवढंच म्हणालात, "माले वाटनं जिन चालू हुई गई. नाना मझार शे."

नाना म्हणजे तुमचे जोडीदार फिटर. त्या दुपारी ते आत जिनमध्ये मशीन उघडून, कोपरापर्यंत दोन्ही हात आत घालून रोलर साफ करत बसले होते. कुणीतरी चुकून खटका ओढला असं वाटून तुम्ही धावलात. खटका बंदच होता. नानांनीही पुढे मला हेच सांगितलं: तुझे आबा आले आणि बंद खटका दोन्ही हातांनी दाबून उभे राहिले, सोडेचनात. पण तोपर्यंत शाळेतली पोरं मला बघून पळायची नक्कल करायला लागली होती. जोडीदार जोडीदाराला सांभाळून घेणारच, असं मी मनाशी धरलं. भिंत हलतेय आणि माणसाला मशीन वाटतं, हे मला पटलंच नाही. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं होतं, हे मी सोयीने विसरलो.

आणि मग माझं लग्न झाल्यावर आम्ही धुळ्याला निघालो तो दिवस. तुम्ही आमच्यासाठी मांडणी बनवून आणली होती, जिनच्या वर्कशॉपमध्ये स्वतः वेल्डिंग करून. दोरीऐवजी पुढे आडवी सळई, प्रत्येक खणाला एक. मी म्हटलं, धुळ्यात काय जिनची भिंत आहे का. तुम्ही म्हणालात, असू दे, आणि मग हळूच म्हणालात की नव्या गावात सूनबाईला फार एकटं ठेवू नकोस. मला कशाचा राग आला कुणास ठाऊक. मी म्हणालो, "भूकंपात कोण कुणाला एकटं टाकून पळालं ते मला माहीत आहे." तुमच्या हातात पाना होता. तुम्ही तो पुसला, पिशवीत ठेवला आणि टेम्पोला मांडणी बांधायला गेलात. गाठ मी पुन्हा तपासली नाही, तुमची गाठ कधी सुटायची नाही. पुढची सहा वर्षं तुम्ही येत-जात राहिलात, नातीला खांद्यावर घेऊन फिरलात, पण ते वाक्य मी मागे घेतलं नाही आणि तुम्हीही कधी त्याचं नाव काढलं नाहीत.

आता मंगळवारचं ऐका. जेवणं झाली होती. ही स्वयंपाकघरात भांडी लावत होती, मी बाहेर खुर्चीत. टीपॉयवरची किल्ली थरथरायला लागली. मला वाटलं, वॉशिंग मशीन पिळायला लागलं. आतून ही म्हणाली, "अहो, मशीन बंद करा, कपडे जास्त झालेत." मशीन तर सकाळीच बंद केलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात खालून वॉचमन ओरडला, "भूकंप, भूकंप." आबा, मी उठलो आणि पळालो. तीन जिने. चप्पल नाही, हाक नाही. खाली पोचल्यावर कळलं की हातात टीव्हीचा रिमोट आहे. ही शेवटी उतरली, पदराला हात पुसत. कुणी विचारायच्या आत मीच सांगितलं, खालच्या म्हाताऱ्या जोडप्याला उठवायला धावलो होतो. ते जोडपं माझ्याआधीच गेटपाशी उभं होतं.

वर आमच्या शेजारी एक पोरगी राहते, कॉलेजात भूगोल शिकवते. ती दुसऱ्या दिवशी घरोघर एक छापील कागद देऊन गेली, धक्का कसा जाणवला ते लिहून द्यायला. तिने समजावलं की तापीच्या खोऱ्याखाली फार जुन्या भेगा आहेत, खडकावर ताण साठत जातो, मग एखादी भेग जराशी सरकते आणि आपली भांडी वाजतात. असे बारीक धक्के इकडे अधूनमधून येणारच. अशा वेळी जिन्यात धावू नये, टेबलाखाली बसावं, हेही सांगितलं. आणि म्हणाली, "काका, पुष्कळांना आधी मशीन किंवा ट्रकच वाटतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही." मला तिच्यासमोर उभं राहवेना.

तुम्हाला तर भूकंप आहे हे माहीतच नव्हतं. तुम्ही मशीनकडे पळालात, ज्यात नानांचे हात होते. मला माहीत होतं, आणि मी गेटकडे पळालो. एवढीच गोष्ट समजायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. माझं चुकलं, आबा. तुमच्या मांडणीवरचा एकही कप पडला नाही. धक्क्याच्या वेळी ही त्या मांडणीखालीच उभी होती.

त्या कागदावर एक रकाना होता: धक्का बसला तेव्हा आपण काय केलंत. मी हिच्यासमोर लिहिलं, "पत्नीला घेऊन बाहेर पडलो." हिने वाचलं आणि चहा टाकायला आत गेली. त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी तुम्हाला हे लिहितो आहे, म्हणजे तो आता त्या पोरीला देता येणार नाही. दुसरा मागून आणून त्यावर खरं लिहायचं ठरवलं आहे. दोन पावलांवर तिचं दार आहे. हे लिहायला घेऊन चार दिवस झाले, ते अजून वाजवलेलं नाही.