रुळल्याची लाज

आई, तू गेल्यापासून तुझ्याशी असं कधी बोलले नाही. फोटोला हार घालते, तिथीला खीर करते, पण बोलत नाही. आज बोलावंसं वाटलं ते आमच्या वरच्या खोलीत राहायला आलेल्या मुलीमुळे. सांगलीची आहे, नवरा इथं झाशीत बँकेत लागलाय. आल्याला महिनाही झाला नाही आणि पोरगी वाळून गेली. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "काकू, तुम्ही कसं काढलंत हो इथं, इतकी वर्षं?" मी तिला खाली आणून चहा दिला आणि सांगितलं, माणसांत मिसळावं, भाषा शिकावी, दिवस रिकामा ठेवू नये. त्यात खोटं काही नव्हतं. पण ती इतक्या विश्वासानं ऐकत होती की मलाच ओशाळल्यासारखं झालं. साल काढून, बिया काढून फोड हातावर ठेवावी तसं मी तिला सांगितलं होतं. उरलेलं तिला सांगण्यासारखं नाही. ते तुला सांगते.

लग्नानंतर यांची बदली झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत झाली आणि फौजेचं क्वार्टर मिळेना, म्हणून झाशी शहरात खोली घेतली, एवढं तुला ठाऊक होतं. हे शनिवारी बसनं यायचे, रविवारी संध्याकाळी परत जायचे. मधले सगळे दिवस मी एकटी. घरमालकीण मराठी आहेत, असं सांगून यांनी माझी समजूत घातली होती. पण त्या काकींचं मराठी ऐकून मला आणखीच परकं वाटलं. त्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी कारभाराला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. "बेटा, तू जेवण करून घेतली का?" असं त्या विचारायच्या, आणि त्याच तोंडानं वरणाच्या डावाला 'ओगराळं' म्हणायच्या. तो शब्द मी आपल्या आजीनंतर कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. तो ऐकला की मला रडू यायचं आणि मी काहीतरी निमित्त काढून वर पळायची.

उन्हाळा सुरू झाला होता. दुपारी लूची गरम झळ सुटली की गल्लीत चिटपाखरू नसायचं, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या. एका सकाळी दूधवाल्यानं खालून हाक मारली, "काय, दूध नईं लेने?" बुंदेलीतही ते लोक 'काय' म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी आपलं माणूस आहे. मी आनंदानं कठड्यावरून वाकले आणि ओरडले, "भैया, रुको, मैं खाली आती." नळावर बायका पाणी भरत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "खाली आओगी तो दूध काहे में लोगी?" आणि सगळ्या हसल्या. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला कळलं तोवर मी पातेलं हातात घेऊन जिन्याच्या मध्यावर पोचले होते. तिथूनच परत फिरले. तुला हे वाचून हसू येईल. मला तेव्हा वाटलं, साऱ्या गल्लीसमोर कुणी माझा पदर ओढला. दुसऱ्या दिवसापासून मी पातेलं दोरीनं खाली सोडायला लागले. भाजी हे शनिवारी आणायचे. मी खोलीबाहेर पडणंच सोडून दिलं.

पुढे यांची पलटण सरावासाठी राजस्थानात गेली आणि मी बॅग भरली. काकींना सांगितलं, माहेरी लग्न आहे. "कोणाचं?" त्यांनी विचारलं. मला पटकन नावच सुचेना. काकी उठून स्वयंपाकघरात गेल्या. पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं, रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, बेटी को ठीक से गाडी में बिठा देना." मी पुण्याच्या गाडीत बसले आणि ललितपूर जायच्या आत सगळ्या पुऱ्या संपवल्या. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

कऱ्हाडला पोचले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, हातात बॅग, आणि तू मान वर करून बघतेस, थापायचं थांबवत नाहीस. "पाय धुऊन ये," एवढंच म्हणालीस. मी जेवले. मग तू विचारलंस, "जावईबापूंना सांगून आलीस?" मी मानेनंच नाही म्हटलं. "त्यांनी हात उगारला?" "नाही." "कुणी उपाशी ठेवलं?" "नाही गं. मला तिथं करमत नाही. तिथं माझं कुणीच नाही." तू ताट उचललंस, मोरीत ठेवलंस आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, "परवाच्या गाडीनं जा. दादा पुण्यापर्यंत सोडील." मी रडले, आबांकडे गेले, त्यांनीही तुझ्याकडेच बोट दाखवलं. दोन दिवस तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस. शेजारणी विचारायच्या, कशी काय एकटीच आलीस गं, आणि मी खाली बघायची. सासर सोडून आलेल्या मुली मी पाहिल्या होत्या, पण त्यांना काही कारण असायचं. मला कारणही नव्हतं. परतीच्या प्रवासात मी तुझ्यावर इतकी चिडले होते की दादानं पुण्याला हातात दिलेला लाडवांचा डबा मी स्टेशनवरच्या हमालाला देऊन टाकला.

काकींनी लग्न कसं झालं ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याखालून हाक आली, "बेटा, रडून झालं की ये. मेथी साफ करायची आहे." मी गेले. मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मी गुरसरायची. इथून बसनं कितीसं लांब आहे. तरी लग्न होऊन आले तर वर्षभर रडले." मी चकित झाले. गुरसरायला तर माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. मला वाटायचं, इतक्या लांब आलेली मी, रडण्याचा हक्क माझा. काकी म्हणाल्या, "लांब-जवळ काही नसतं. त्या घरात मला सगळे ओळखायचे, इथं कोणी ओळखत नव्हतं, बस, एवढंच दुःख होतं. आमच्या सासूजींनी सांगितलं, रोज बाहेरच्या एका तरी माणसाशी बोलायचं. चुकीचं बोल, पण बोल. हसतात तर हसू देत. जो हसतो, त्याला तुझा चेहरा लक्षात राहतो." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठली?" मी म्हटलं, विजापूरकडची. घरी कानडी बोलायचे. "मग तिनं कसं काढलं कऱ्हाडात?"

आई, ते मी तुला कधी विचारलंच नव्हतं. तू कधीतरी सोळाव्या-सतराव्या वर्षी भाषा येत नसताना आमच्या घरी आलीस, हे मला माहीत होतं, पण घराच्या जुन्या रंगासारखं माहीत होतं. तुझ्या तोंडून 'ते मांजर आला' असं काही निघालं की आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून हसायचो, दादा तर तुझी नक्कल पाहुण्यांसमोर करायचा आणि तूही हसायचीस. नळावरच्या त्या बायका मला आठवल्या. मी मेथीत मान घातली. काकींना वाटलं, मला पुन्हा घराची आठवण आली. त्या म्हणाल्या, "जाशील तेव्हा विचार तिला. मग मला पण सांग."

दुसऱ्या दिवसापासून काकी मला भाजीबाजारात नेऊ लागल्या. स्वतः चार पावलं मागे उभ्या राहायच्या आणि तोंड उघडायच्या नाहीत. मी 'बैंगन' म्हटलं तर भाजीवाली म्हणायची, "भटा कहो, बहूजी," आणि हसायची. नळावरची ती बाई, जिनं मला 'खाली' शिकवलं, तिच्याशी बोलायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले. ती एरचची निघाली. तिचं माहेर बेतवाकाठी, आणि झाशीतल्या नळाचं पाणी प्यायल्यानं तहान भागत नाही, असं ती कितीतरी वर्षं म्हणत आली होती. माझ्यावर हसणारी बाईसुद्धा माहेरासाठी झुरत असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं.

दिवाळीला आले तेव्हा मी तुला विचारलं. तू चकल्यांची भाजणी चाळत होतीस. आधी म्हणालीस, "काय काढायचंय त्यात, काढलं." मग चाळता चाळता सांगितलंस. आठवडी बाजाराला ब्याडगीकडून मिरच्या घेऊन एक म्हातारी यायची. तू दर बाजाराला तिच्याकडून मिरच्या घ्यायचीस. ती कानडीत विचारायची, "ऊटा आयता?" जेवलीस का, एवढंच. तू उत्तर द्यायचीस, मग दर विचारायचीस, मग मुद्दाम घासाघीस करायचीस, कारण घासाघीस केली की बोलणं लांबतं. घरात मिरच्यांची पोती झाली, आबा कावले, तुझ्या सासूबाई म्हणाल्या, हिला मिरच्यांचं वेड आहे. आम्ही लहानपणी तेच ऐकलं होतं आणि तेच बोलत होतो. "एका वर्षी ती आलीच नाही," तू म्हणालीस. "मग शेजारच्या वैनींशी बोलायला लागले. करते काय." मी विचारलं, मग मला का हाकललंस तेव्हा. तू चाळण खाली ठेवलीस. "आणखी चार दिवस राहिली असतीस, तर मीच तुला जाऊ दिलं नसतं. तुझे आबासुद्धा तुला ठेवून घ्यायला तयार झाले होते." मी तुझ्याकडे बघू शकले नाही. कुणा हमालानं खाल्लेले ते लाडू तू रात्र जागून केले होतेस, हे वहिनीनं मला नंतर सांगितलं. तुला मात्र मी सांगितलं होतं, फार छान झाले होते.

काकींना मी मिरच्यांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "तुझी आई हुशार आहे बेटा." महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. कृष्णेचा घाट कसा असतो ते मात्र माझ्याकडून पुन्हापुन्हा ऐकायच्या.

पुढचं तू पाहिलंसच. फौज सुटल्यावर हे इथल्याच बिजौलीच्या एका कारखान्यात लागले, आम्ही इथंच घर बांधलं. मुलं माझं मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. काकी गेल्या तेव्हा त्यांच्या सुनेच्या बरोबरीनं मी घर सांभाळलं. गल्लीत नवी सून आली की तिला माझ्याकडे पाठवतात. वरच्या मुलीलाही असंच कुणीतरी सांगितलं असेल.

तिला जे सांगितलं नाही, ते तुझ्या दिवसांतलं आहे. तू गेलीस, मी धावत आले, सगळं रीतीनं झालं. पण दहावा व्हायच्या आधीच मला तिथं नकोसं व्हायला लागलं. पाणी जड वाटायचं. सकाळी जाग आली की कान इथल्या गल्लीतला आवाज शोधायचे. भाजीवालीला मी "भटा" म्हणाले, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मागे दादाची नातवंडं फिसकन हसली. ज्या घरासाठी मी कधी काळी बॅग उचलून पळत आले होते, त्या घराच्या माजघरात बसून मी झाशीसाठी झुरत होते. एका दुपारी स्वयंपाकघरात, तू भाकरी थापायचीस त्याच जागी, मला एकाएकी रडू फुटलं आणि आवरेना. वहिनी आली, दादा आला. वहिनीनं मला जवळ घेतलं, दादा डोळे पुसत सगळ्यांना म्हणाला, हिचा आईवर फार जीव होता.

मी त्यांना तसंच समजू दिलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. आई, त्या वेळी मी तुझ्यासाठी रडत नव्हते. मला घरी जायचं होतं.