अहवालात न लिहिलेलं नाव

प्रिय जानकीमावशी,

आज तुझं बारावं झालं. घरी आलो आणि तसाच टेबलाशी बसलो. उद्या पथकाच्या वर्गाची नवी तुकडी सुरू होते आहे आणि मला बोलायचं त्राण नाही. पण हे तुला सांगितल्याशिवाय त्या पोरांपुढे उभंही राहवणार नाही.

आठवतं तुला? चीनशी लढाई झाली आणि कचेरीतून हुकूम आला, की मास्तरांनी गावातल्या तरुणांना संकटात पथक कसं चालवायचं ते शिकवावं. मी घाटावरचा, धड पोहताही न येणारा. गळ्यात शिट्टी अडकवून आरोंद्याच्या खाडीकाठी पुस्तकातून वाचून दाखवायचो, पुढारी कसा असावा ते.

एकदा सराव चालला होता. एकाने बुडाल्याचं सोंग केलं. मी ओरडलो, कोणीतरी दोरी आणा. पंधरा जण एकमेकांची तोंडं बघत राहिले. तू मासळीची पाटी खाली ठेवून हे सगळं पाहत होतीस.

"मास्तरानू, कोणीतरी म्हटल्यार कोण हाडतलो? नाव घेवन सांगा."

त्यानंतर बाजार उठला की तू येऊन पोरांना शिकवू लागलीस. पुढाऱ्याने स्वतः धावत सुटू नये, सगळ्यांना दिसेल असं उभं राहावं. घाबरलेल्याला काम द्यावं, म्हणजे त्याची भीती उतरते. हे माझ्या पुस्तकात कुठे होतं?

मग तपासणीला साहेब आले. मासे विकणारी बाई पोरांना पुढारीपण शिकवते का, असं त्यांनी हसत विचारलं. मी गप्प राहिलो. वर दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात येऊन सांगितलं, की आता येऊ नकोस. तू एवढंच म्हणालीस, "बरां तर. माका बाजार आसा."

भांडली का नाहीस गं?

पुढच्याच महिन्यात भर दुपारी वारा उठला आणि पलीकडून येणारी होडी खाडीच्या मध्यावर उलटली. आठ माणसं पाण्यात. माझी पोरं सगळी एकदम धावली, एकमेकांना अडखळली. मी शिट्टी तोंडात धरून उभा होतो आणि ती वाजत नव्हती.

तू बाजारातून आलीस आणि धक्क्याच्या पायरीवर उभी राहिलीस. तुझा आवाज चढलाही नव्हता. "बाबल्या, दोरी सोड. शांताराम, होडी काढ. दत्तू, तू उतरू नको, हंयच रव." ज्याचं नाव घेतलंस तो तो कामाला लागला. मलाही काम दिलंस, वर आलेल्यांना घोंगडी पांघरायचं. सात जण वाचले. एक म्हातारे गृहस्थ हाती लागले नाहीत. त्यांच्या बायकोपाशी तू संध्याकाळपर्यंत बसून राहिलीस.

आणि मी काय केलं? अहवाल लिहिला. 'वर्गशिक्षकांच्या नेतृत्वाखाली' असं लिहिलं आणि खाली सही केली. कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं, ते शाळेत वाचलं गेलं. तुझ्यापर्यंत ते पोचलं असणारच. तरी दुसऱ्या दिवशी तू मला नेहमीसारखेच बांगडे निवडून दिलेस. एकदा तरी बोलायचं होतंस, मावशी. तुझ्या शिव्या मला सोप्या गेल्या असत्या.

तीन वर्षं रोज ठरवलं, उद्या सांगू. मग तुला ताप आला आणि पाच दिवसांत तू गेलीस.

परवा कचेरीत जाऊन आलो. खरं काय घडलं ते लिहून नेलं होतं. कारकून म्हणाला, ती फाईल कधीच बंद झाली, आता कोण बघतो? कागद परत घेऊन, उन्हातून चालत आलो.

सोमवारी पुन्हा जाईन. ते तो कागद ठेवून घेईपर्यंत जात राहीन. आणि बाजारातल्या चौघींना मी वर्गाला बोलावलं आहे. पोरांबरोबर त्याही शिकतील, शिकवतील. साहेब पुन्हा हसले, तर या वेळी मी त्यांना उत्तर देईन. हा माझा शब्द.

तुझा,
सदा मास्तर