पुन्हा बघ

बाबा,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेत मी गेल्या खेपेला नापास झाले. तुम्हाला मात्र परीक्षा पुढे ढकलली म्हणून सांगितलं.

यंदाही सराव परीक्षेत गाडी बावन्न टक्क्यांवर अडून बसली होती. पास व्हायला साठ लागतात. रविवारी वैतागून चुकलेले अठ्ठेचाळीस प्रश्न एकेक करून तपासले. कॉम्प्युटर खोडलेलं उत्तरही दाखवतो. एकोणीस ठिकाणी माझं पहिलं उत्तर बरोबर होतं. मीच ते नंतर बदललं होतं!

तेव्हा तुमचा आवाज कानात आला. दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला मी बसले, की तुम्ही बजावायचात, "धांदरटे, पुन्हा बघ." तीस वर्षं कंपाउंडरी केलीत, एक बाटली चुकली नाही. मीही पेशंटला औषध देताना दोनदा बघेनच. पण पेपरात दुसऱ्यांदा बघितलं, की माझा धीर सुटतो आणि चांगलं उत्तरही खोटं वाटायला लागतं.

म्हणून कालच्या सराव परीक्षेत ठरवलं, एकदा खूण केली की मागे वळायचं नाही. अडुसष्ट टक्के पडले.

संध्याकाळी फोनवर सांगितलं, तर तुम्ही खूश होऊन विचारलंत, "सगळी उत्तरं पुन्हा बघितली होतीस ना?"

"हो," म्हणाले मी.

नव्हती बघितली, बाबा. म्हणून तर अडुसष्ट पडले.

तुमची
धांदरट