डोहाळजेवणातले मास्क

गंगापूर रोड, नाशिक
२३ ऑगस्ट २००९

ती. सौ. आईस,
तुझ्या ज्योत्स्नाचा आणि पोटातल्या बाळाचाही नमस्कार.

फोनवर बोलताना सासूबाई शेजारीच असतात, म्हणून पत्र लिहितेय. आम्ही दोघं ठणठणीत आहोत.

स्वाइन फ्लूची साथ आहे, डोहाळजेवण राहू द्या म्हटलं, तर सासूबाईंनी बायकांना मास्क वाटले आणि उरकलंच! उखाणा घ्यायचा की मास्क हनुवटीवर. मला घास भरवताना गप्पा मारायच्या, तेव्हाही हनुवटीवर. शेजारच्या सिंधुबाईंनी तर शिंकायला काढला. म्हणे, "नवाकोरा आहे गं, घाण होईल." गप्प बसल्या की मात्र सगळ्यांचे जागेवर!

अगं, बोलता-शिंकताना उडणारे तुषार अडवायलाच तो असतो ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू एकटीने लावून भागणार नाही. हे सांगू कुणाला?

आपल्या धाकट्या धनराजचा ताप उतरला का? त्याच्यापायी तू आली नाहीस, तेच बरं झालं. माझा घसा जरा बसलाय, पण तो 'मास्क वर घ्या' म्हणून ओरडून ओरडून.

बाळंतपणाला न्यायला येशील तेव्हा एसटीत मास्क काढू नकोस. मला बघितल्यावर तर मुळीच नको. डोळ्यांवरून ओळखेन मी तुला.

तुझी चिडलेली,
ज्योत्स्ना