वरातीमागून क्वार्टर

सौ. ताईस,
तुझ्या चिडलेल्या भावाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवतोही पोटभर. डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

घटस्फोट आम्हा दोघांना हवाय, पण फौजेला नकोय! कोर्टात तारीख लागली की माझी ड्युटी सीमेवर, मग तारीख पुढे. रजा मागितली तर कारकून म्हणतो, "लग्नासाठी रजा असते. लग्न मोडायला कुठली देऊ?"

शेवटी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "संसार असा मोडू देणार नाही," आणि तिथल्या तिथे फॅमिली क्वार्टर मंजूर केलं. अगं, लग्न झाल्यापासून याच क्वार्टरसाठी मी चपला झिजवल्या! वाट बघून बघून ती माहेरी गेली, तेव्हा हे साहेब कुठे होते?

आता दोन खोल्यांत मी आणि एक पाल. शेजारीण रोज विचारते, "वहिनी कधी येणार?"

आई औषध वेळेवर घेते ना? तिला यातलं काही बोलू नकोस.

आणि एक. इथे खिडक्यांना पडदे लावायचेत. तुझ्या भावजयीला कुठला रंग आवडतो, तुला माहीत आहे का गं? मला विचारायची वेळच आली नाही.

तुझा,
धाकटा