कौशल्याची सही

२२ एप्रिल, अकोला

गिऱ्हाईक पक्कं झालं. बाबांचं तेल्हाऱ्याचं वावर विकायचं आणि पोरासाठी, पियुषसाठी, घरावर वरचा मजला चढवायचा. मध्ये फक्त कौशल्याची हक्कसोड राहिली — आपला वाटा भावाला सोडल्याची एक सही. म्हणजे काहीच राहिलं नाही! बहीण आहे ती माझी, वकील नाही. भातकुलीत वांगी विकते. नवरा केशवराव तोंडात सतत खर्रा धरून. बोलला तरी अर्धं कळत नाही. ह्या दोघांना 'हिस्सा' लिहायला सांगितलं तर पेन शोधण्यातच दिवस जाईल.

२५ एप्रिल

तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावलं. सणाला माहेरी आलेली बहीण नाही म्हणत नाही. आमच्या तालुक्यात निम्म्या हक्कसोडी रस-पोळीवरच झाल्या आहेत. साधनाला साडी आणायला सांगितलं. "कशी आणू?" म्हणे. बायको माझी, पण एवढ्या वर्षांत एक निर्णय स्वतःचा घेता आला नाही. म्हटलं, आण कोणतीही. कौशल्याला पोत काय कळणार.

२८ एप्रिल

साधनाने विचारलं, "ताईले सांगतलं का, कायची सही आहे ते?"

मी हसलो. गाढवापुढे वाचली गीता! तू आंबे पिकले का बघ, म्हटलं. गेली मुकाट्याने. ह्या घरात डोकं एकट्यालाच चालवावं लागतं.

३० एप्रिल, आखाजी

आले दोघं. सोबत पोतंभर वांगी — जसे आम्ही उपाशीच होतो! केशवरावांनी रस असा ओरपला की शेजारी ऐकू गेलं असेल. बाबांच्या नावाने घागर भरताना कौशल्या रडली. बरंच झालं. रडलेलं माणूस जास्त प्रश्न विचारत नाही.

१ मे

सुट्टी. उद्या तेल्हारा.

२ मे

लिहायलाही लाज वाटते.

रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी सवयीने विचारलं, "बाई, मर्जीने सोडताय ना?" कौशल्याने पदर सावरला. "नाई सोडून राहिली, साहेब. बाबाच्या वावरात माहा हिस्सा आहे. मले तो पायजे."

एवढंच. आवाजही चढवला नाही.

मी म्हटलं, अगं, मी तुझा भाऊ ना?

"म्हनूनच तं इथवर आली, भाऊ. तोंडावर सांगावं म्हटलं."

केशवराव चक्क हसले. गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर निघून गेलं. साहेबांनी पुढच्याला हाक मारली.

हे तिचं डोकं नाहीच! कोणीतरी कान भरले. नवऱ्याने? शक्य नाही, त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत. भातकुलीचा एखादा वकील असणार. शोधून काढतो. साधनाला म्हटलं, त्याला सोडणार नाही. तिला त्यातलं काय कळणार.

३ मे

साधना कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "वकील कायले शोधता? मीच सांगतलं ताईले. चांदूर बाजारले माह्या भावानं अशीच माही सही घेतली, तवा मले सांगाले कोणी नव्हतं."

अशी काही सही झाली होती, हे मला आज कळलं.