लाल पेन्सिलीतली सही

सर, काल मला तुमचं पुस्तक बघायला हातमोजे घालायला लावले. पांढरे, सुती, आणि माझ्या पंजापेक्षा निदान दोन इयत्तांनी लहान. बाहेर सोलापूरचा उन्हाळा, आत पंखा बंद, कारण वाऱ्याने पानं फडफडतात. आणि वरातीतला बँडवाला चुकून ग्रंथालयात शिरावा तसा मी उभा. देशात अन्याय पुष्कळ आहेत, त्यांच्यावर लिहूनच माझं पोट चालतं. पण इतका घामट अन्याय माझ्यावर व्यक्तिशः कुणी केला नव्हता. पान काही सुटेना. शेवटी सवयीने बोट जिभेला लावलं, तर जिभेला सूत चिकटलं, आणि टेबलापलीकडच्या ग्रंथपाल मॅडम ओरडल्या, "सर, प्लीज!" मला कुणी सर म्हटलं की मी अजून मागे वळून तुम्हाला शोधतो.

पुस्तक तेच. परदेशातल्या त्या नक्षीकाराचं, ज्याने जन्मभर पडद्यांसाठी आणि भिंतीवरच्या कागदांसाठी वेली, फुलं, पाखरं काढली. मोजक्याच प्रती छापलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक आणि त्याची स्वतःची सही. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकराच्या घरचा तुमचा विद्यार्थी तिकडे कापडाची डिझाइनं करायला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना ते तुमच्यासाठी घेऊन आला. दुसऱ्या कुणी ते कडीकुलपात ठेवलं असतं. तुम्ही त्याला खाकी कव्हर घातलंत, लेबल चिकटवलंत, 'विषय'पुढे 'चित्रकला' लिहिलंत आणि शनिवारी वर्गात आणलंत.

शाळा सुटत आलेली आहे. बाकावर धुतलेली चादर, चादरीवर पुस्तक, आणि आम्ही नळावर हात धुऊन रांगेत. "मान वाकव, पुस्तक नको वाकवू," एवढीच सूचना. तुम्ही वर्गात शुद्ध बोलता, पण एखादं पान मनात भरलं की तुमच्यातलं अक्कलकोट बाहेर येतं. "यप्पा! वेल बघ की ही. कुटं सुरू हुती, कुटं संपती, लागतोय का पत्ता? आणि तुझी बघ. वेल हाय का घरातली वायरिंग?" वर्ग हसतो. मीही हसतो, कारण ती खरोखरच वायरिंग आहे. मग तुमच्या खिशातून लाल पेन्सिल निघते. तुमच्या टेबलावरून गेलेला कागद कधी कोरा परत गेला नाही; मग या पुस्तकाला तरी माफी कशी मिळावी? एका पानावर तुम्ही लिहिता 'छान'. दुसऱ्यावर 'फुले दाटली'. मोराला दहापैकी सात. आणि पहिल्याच पानावर, त्या थोर माणसाच्या गिचमिड सहीखाली: 'तपासले. अक्षर सुधारा.' त्याखाली तुमची शेपटीवाली सही.

आता तुमची मुलगी बंगळूरला लेकाकडे राहायला चालली आहे. सात रस्ता चौकाजवळचं घर रिकामं करताना हे पुस्तक तिने इथल्या वस्त्रकलेच्या कॉलेजला द्यायचं ठरवलं आणि सोबत मला नेलं. मॅडमनी पहिलं पान उघडलं, सही बघून हरखल्या, आणि खालचं वाचून त्यांचा चेहरा पडला.

"हे कुणी केलं?"

"बाबांनी," ताई म्हणाली. "त्यांचा हातच शिवशिवायचा हो. माझ्या लग्नाची पत्रिका छापून आली, तर व्याह्यांच्या देखत तिच्यावरच्या गणपतीला सहा मार्क दिले."

"काढून टाकू. पेन्सिलच आहे, मऊ रबराने अलगद निघेल. मग काचेच्या कपाटात ठेवता येईल. असंच ठेवलं तर लोक म्हणतील, पोरांनी वाटोळं केलं. मग आतल्या खोलीत टाकून द्यावं लागेल."

ताईने माझ्याकडे बघितलं. "तू सांग रे. बाबा तुझंच ऐकायचे."

हे साफ खोटं. तुम्ही कुणाचंच ऐकत नव्हतात. पण रबर टेबलावर येऊन पडलं होतं, आणि मला फळा आठवला. जन्मभर तुम्ही चित्रं काढलीत ती फळ्यावर. पुढच्या तासाला गणिताचे सर यायचे आणि लसावि मांडायला आधी हरणाची मान पुसायचे, मग हरीण. तुम्ही दारातून म्हणायचात, "पुसा, पुसा. उद्या दुसरं काढू." ताईने घरातली कपाटं उपसून पाहिली; तुमच्या हातचा एक कागद निघाला नाही. जे काही उरलंय ते एवढंच, दुसऱ्याच्या पुस्तकातलं.

अशा वेळी माझी जीभ चालायला हवी. सगळा धंदा तिच्यावर. पण एवढंच बोलता आलं, "मॅडम, हा माणूस रोज पुसला गेलाय. आता नको."

मॅडमनी पुस्तक पुढे ओढलं. पानं उलटत मोरापाशी थांबल्या. "सातच?"

"पाय पानाआड लपवलेत. सरांनी तीन कापले," मी म्हणालो.

त्यांनी वाकून पाय शोधले, खरंच नव्हते. मग हसायला लागल्या, आणि हसताना हातमोजा काढून डोळे पुसले. "राहू दे. पण लोक विचारणार. कपाटात लावायला एक ओळ लिहून द्या, हे लाल काय आहे त्याची."

सर, घरी येऊन मी ती ओळ लिहायला बसलो. लिहिलेल्या प्रत्येक ओळीत टोमणा. कधी मॅडमना, कधी कॉलेजला, एकीत तर तुम्हालाच. फाडताना नववी आठवली. माझ्या घोड्याला तुम्ही दोन मार्क दिले होते. त्याच्याखाली मी शरमेने लिहिलं होतं, 'घोडा आजारी आहे, चौकशी करू नये', त्या ओळीला आठ. "चित्र सोड, ओळी लिही," म्हणालात. आणि कागद परत देताना, "पण येखादी तरी सरळ लिही की रे. समद्याच काय टोचत्यात?" टोचणाऱ्या ओळींवर माझं घर उभं राहिलं, सर. मुलं शिकली. पहिलं वाक्य मी लगेच ऐकलं, दुसरं तसंच राहून गेलं होतं.

शेवटी लिहिलं: 'या प्रतीवर दोन सह्या आहेत. वरची चित्रकाराची. खालची, लाल पेन्सिलीतली, आमच्या सरांची.' बास. पुढे काही नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही, आणि आज कपाटात त्या ओळींची पाटी लागल्यावर तशी गरजही उरली नाही. एवढंच राहिलं सांगायचं. पाटी करणाऱ्याने विचारलं, उजवीकडे खाली जागा का सोडलीय, काही छापायचं राहिलंय का? मी नाही म्हणालो. ती मार्कांसाठी आहे, हे त्याला सांगायला लाज वाटली.